प्रिंटर रोज ‘ऑफलाइन’ जातो? नवीन प्रिंटर घेण्याआधी रूटरचा पासवर्ड शोधा



घरून व्यवसाय करणाऱ्यांचा एक प्रश्न वारंवार येतो. शब्द वेगळे असतात, दुखणं एकच. “सर, काल रात्रीपर्यंत लेबल प्रिंटर चालत होता, आज सकाळी ऑफलाइन दाखवतोय.” “दुसऱ्या कॉम्प्युटरवर बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही, सर्व्हर सापडत नाही म्हणतंय.” “गोडाऊनचा कॅमेरा मोबाईलवर दिसायचा, आता दिसत नाही.” आणि प्रत्येक जण शेवटी एक वाक्य सांगतो, “आम्ही काहीच बदललं नाही.”

तुम्ही खरंच काही बदललेलं नसतं. बदललेला असतो त्या मशीनचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता. आणि तो कुणालाही न विचारता बदललेला असतो.

यावर लोक काय करतात? कुणी प्रिंटर चार वेळा बंद-चालू करतं. कुणी नेटवाल्याला फोन लावून भांडतं. कुणी दुकानात जाऊन नवीन प्रिंटर घेऊन येतं, आणि आठ दिवसांनी तोही ऑफलाइन जातो. कुणाला कोणीतरी सांगतं, “स्टॅटिक आयपी घे, सगळं ठीक होईल,” आणि मग वर्षाचे पैसे भरूनही प्रिंटर तसाच रुसलेला.

माझं मत स्पष्ट आहे. घरगुती व्यवसायातली ही अडचण बहुतेक वेळा पैसे न खर्च करता, अर्ध्या-पाऊण तासात, कायमची सुटते. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. लागतो तो तुमच्या स्वतःच्या रूटरचा पासवर्ड. आणि तोच बहुतेकांकडे नसतो. ज्या डब्यावर तुमचा अख्खा धंदा चालतो त्याची किल्ली दुसऱ्याकडे ठेवणं, ही मला खरी चूक वाटते. प्रिंटर बिचारा निर्दोष आहे.

आधी हिशोब बघू

समजा, तुम्ही घरून साड्या विकता. रोज २५ पार्सल जातात. कुरिअरवाला दुपारी ४ वाजता येतो. ३ वाजता प्रिंटर ऑफलाइन गेला. तुम्ही पाऊण तास बटणं दाबत बसलात, लेबलं निघाली नाहीत, गाडी निघून गेली. २५ ग्राहकांना माल एक दिवस उशिरा. ऑनलाइन बाजारपेठेवर विकत असाल तर उशिरा पाठवल्याची नोंद तुमच्या खात्यावर. त्यात दोन ग्राहकांनी ऑर्डर रद्द केली तर परतीचा घोळ वेगळाच.

हे महिन्यातून तीनदा झालं तर काय किंमत पडते, ते तुमच्या आकड्यांनी वहीत मांडा. मग पुढचं वाचा, म्हणजे कंटाळा येणार नाही.

पत्ता बदलतोच का?

बघा, पत्ते दोन असतात आणि सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

एक बाहेरचा पत्ता. तो तुमची इंटरनेट कंपनी देते. तुमच्या सोसायटीचा पोस्टाचा पत्ता समजा. दुसरा आतला पत्ता. तो तुमचा रूटर घरातल्या प्रत्येक मशीनला देतो. हा फ्लॅट नंबर. आतला पत्ता साधारण १९२.१६८ ने सुरू होतो, काही ठिकाणी १० ने. प्रिंटर, बिलिंग, घरातला कॅमेरा यांचा प्रश्न जवळजवळ नेहमी फ्लॅट नंबरचा असतो. सोसायटीचा पत्ता विकत घेऊन फ्लॅट नंबर पक्का होत नाही. म्हणूनच कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेऊनही प्रिंटर सुधारत नाही.

आता रूटर हा फ्लॅट नंबर देतो कसा? भाडेकराराने. आपल्याकडे भाड्याच्या घराचा ११ महिन्यांचा करार असतो ना, तसाच. या पद्धतीचं नाव डीएचसीपी, आणि त्या मुदतीला लीज म्हणतात. फरक इतकाच की इथे करार ११ महिन्यांचा नसून काही तासांचा किंवा एखाद्या दिवसाचा असतो. मशीन चालू असेल तर ते साधारण अर्धी मुदत संपली की करार वाढवून मागतं आणि तोच पत्ता पुढे चालू राहतो. म्हणून कित्येक आठवडे काही होत नाही आणि आपल्याला वाटतं पत्ता कायमचा आहे.

मग एके दिवशी लाईट जाते. बरेच घरगुती रूटर बंद झाले की करारांची नोंदवही विसरतात. लाईट आल्यावर जो आधी दारात येईल त्याला रिकामा नंबर मिळतो. प्रिंटर तुम्ही सकाळी १० ला चालू करता, तोपर्यंत त्याचा जुना नंबर मुलाच्या टॅबने घेतलेला असतो. प्रिंटरला दुसरा नंबर मिळतो. पण कॉम्प्युटरच्या डोक्यात जुनाच नंबर असतो. तो जुन्या दारावर टकटक करत बसतो आणि तुम्हाला सांगतो, प्रिंटर ऑफलाइन.

बाकीची कारणं, आणि ती ओळखायची कशी

लाईट हे पहिलं कारण. पण तेवढंच नाही.

दुसरा रूटर. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण जुना रूटर वायरने जोडतो. आता घरात दोन घरमालक झाले, दोघेही नंबर वाटतायत. खूण अशी: एका मशीनचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने. तिसरा आकडा वेगळा दिसला की समजायचं, मशीन दोन वेगळ्या इमारतींत राहतायत आणि एकमेकांना दिसत नाहीत. उपाय: दुसऱ्या रूटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो चालू करा. नसेल तर आधी त्याला मुख्य रूटरपेक्षा वेगळा, कुणालाही न दिलेला पत्ता द्या. मग त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि मुख्य रूटरकडून येणारी वायर वॅनच्या खोबणीतून काढून लॅनच्या खोबणीत घाला.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. हा रूटरने दिलेलाच नसतो. रूटरकडून उत्तर आलं नाही म्हणून मशीनने स्वतःच घेतलेला तात्पुरता नंबर आहे. असा पत्ता दिसला तर सेटिंगमध्ये शिरू नका. आधी वायर, पिन आणि रूटर बघा.

वायर आणि वायफाय. एकाच लॅपटॉपला वायरने जोडलं तर एक पत्ता मिळतो, वायफायने जोडलं तर दुसरा. कारण दोन्हीचे हार्डवेअर नंबर, म्हणजे मॅक ॲड्रेस, वेगळे असतात. ज्या लॅपटॉपवर बिलिंगचा डेटा आहे तो सकाळी टेबलावर वायरने आणि दुपारी सोफ्यावर वायफायने चालत असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरला तो सापडणार कसा? डेटा असलेलं मशीन एका जागी, वायरनेच ठेवा.

मोबाईलचा खोटा मॅक ॲड्रेस. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, फोन वायफायला आपला खरा हार्डवेअर नंबर न सांगता बनवलेला नंबर सांगतो. बाहेर मॉलमध्ये, स्टेशनवर ते चांगलंच आहे, तुमचा माग काढता येत नाही. पण काउंटरवर बिलिंगसाठी ठेवलेला टॅब असेल तर रूटरला तो कधीतरी नवाच पाहुणा वाटू शकतो. त्या टॅबवर, फक्त तुमच्या घरच्या वायफायपुरतं, हे सेटिंग बंद करा. विंडोज लॅपटॉपमध्येही ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ नावाचं असंच सेटिंग असतं, तेही एकदा बघून घ्या.

रूटर बदलला किंवा रिसेट झाला. नेटवाल्या मुलाने येऊन डबा बदलला, की पत्त्यांची अख्खी मालिका बदलू शकते. काल १९२.१६८.१ होती, आज १९२.१६८.२९ झाली. तुमचं जुनं सगळं सेटिंग वाया. यात तुमचा दोष नाही, पण पुढे सांगतोय तो कागद तुमच्याकडे नसेल तर दोन दिवस जातात.

हाताने टाकलेला पत्ता. यूट्यूबवर बघून कुणीतरी प्रिंटरमध्ये थेट पत्ता टाइप केलेला असतो. पण रूटरला ते माहीतच नाही. तो तोच नंबर एखाद्या फोनला देऊन टाकतो. एका फ्लॅट नंबरवर दोन बिऱ्हाडं. मग कधी प्रिंटर चालतो, कधी नाही. याला आयपी कॉन्फ्लिक्ट म्हणतात, आणि ‘कधी चालतं, कधी नाही’ ही त्याची ओळखीची खूण.

तपासायचं कसं?

विंडोजवर स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून स्लॅश आणि ऑल असं टाइप करून एंटर दाबा. खूप ओळी येतील, घाबरू नका. चारच बघायच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस म्हणजे या मशीनचा पत्ता, डीफॉल्ट गेटवे म्हणजे रूटरचा पत्ता, डीएचसीपी सर्व्हर म्हणजे नंबर कोणी दिला, आणि फिजिकल ॲड्रेस म्हणजे मॅक. गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर हे दोन आकडे घरगुती नेटवर्कमध्ये साधारण सारखेच असतात. वेगळे दिसले तर घरात दुसरा घरमालक आहे का ते शोधा.

प्रिंटरचा पत्ता त्याच्या स्क्रीनवर नेटवर्कच्या मेनूत मिळतो. स्क्रीन नसेल तर नेटवर्कची माहिती असलेलं एक पान प्रिंटरमधूनच छापता येतं, कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते त्याच्या पुस्तिकेत असतं. त्या पानावर मॅक ॲड्रेसही छापलेला असतो.

आता कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीज उघडून ‘पोर्ट्स’ बघा. तिथला आकडा आणि प्रिंटरने छापलेला आकडा वेगळा निघाला, की चोर सापडला.

कायमचा उपाय: नंबर राखून ठेवा

माझ्या मते घरगुती व्यवसायासाठी एकच पद्धत योग्य आहे. मशीनमध्ये पत्ता टाइप करू नका, रूटरमध्ये राखून ठेवा. वेगवेगळ्या रूटरवर या सोयीचं नाव वेगळं असतं: ॲड्रेस रिझर्व्हेशन, स्टॅटिक डीएचसीपी किंवा आयपी-मॅक बाइंडिंग. काम एकच. तुम्ही रूटरला सांगता, “या मॅकचं मशीन आलं की याला हाच नंबर द्यायचा, दुसऱ्या कुणाला नाही.” ही नोंद लाईट गेली तरी टिकते.

हे मशीनमध्ये टाइप करण्यापेक्षा चांगलं का? कारण सगळी नोंद एका जागी राहते. सहा महिन्यांनी कुठल्या मशीनला काय दिलं होतं ते शोधत फिरावं लागत नाही, आणि दोन बिऱ्हाडं एका नंबरवर येत नाहीत.

पायऱ्या अशा:

१. ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाइप करा. रूटरचं लॉगिन पान उघडेल. युजरनेम-पासवर्ड बहुतेक वेळा डब्याखालच्या स्टिकरवर असतो.

२. जोडलेल्या मशीनची यादी बघा. प्रिंटर, बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर ओळखा. मॅक जुळवून खात्री करा.

३. डीएचसीपीच्या पानावर या तिघा-चौघांसाठी नंबर राखून ठेवा. मोबाईल आणि टीव्हीला राखीव नंबर लागत नाही, त्यांना कोणी शोधत येत नाही.

४. सेव्ह करा, ती मशीन एकदा बंद-चालू करा, आणि नवा नंबर आला का बघा.

५. कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या पोर्टला हा नवा नंबर द्या. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचा नंबर टाकलेला असेल तर तिथेही बदला. हे काम एकदाच.

६. शेवटी परीक्षा. रूटर मुद्दाम बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा, एक लेबल छापा. निघालं? झालं काम.

हे सगळं धंद्याच्या वेळेत करू नका. रविवारी किंवा रात्री जेवणं झाल्यावर करा.

“पासवर्ड नेटवाल्याकडे आहे”

इथे बरेच जण अडकतात. डबा कंपनीचा, पासवर्ड त्या मुलाने बदललेला, आणि तो म्हणतो, “तुम्हाला कशाला पाहिजे? काही लागलं तर मला फोन करा.” त्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. लोक सेटिंग बिघडवतात आणि मग त्यालाच यावं लागतं. पण तुमचा धंदा त्याच्या मोकळ्या वेळेवर चालू शकत नाही. शांतपणे सांगा, “दादा, मला फक्त नंबर राखून ठेवायचेत, तुमच्या लाईनच्या सेटिंगला मी हात लावत नाही.” तो समोर बसून करून देत असेल तरी चालेल, मात्र काय केलं ते लिहून घ्या.

अजिबातच नाही म्हणाला तर स्वतःचा एक साधा रूटर घ्या, कंपनीच्या डब्यामागे लावा आणि धंद्याची सगळी मशीन त्याच्यावरच जोडा. पत्ते तुमच्या हातात आले. मी नवीन वस्तू घ्या असं सहसा सांगत नाही, पण या एका बाबतीत तो खर्च मला पटतो.

आणि पासवर्ड मिळाला की आधी बदला. ‘ॲडमिन’ आणि ‘ॲडमिन’ असं ठेवू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे, डीव्हीआर आणि रूटर ताब्यात घेतले होते. त्याची युक्ती काय होती? कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड एकेक करून वापरून बघणं. बस.

मग स्टॅटिक आयपी कधी घ्यायचा?

बाहेरचा पत्ता बदलतो त्यालाही कारण आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात सगळे मिळून साधारण ४३० कोटी. जागतिक साठ्यातला शेवटचा वाटा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाला. म्हणून अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं असेल तर रूटरच्या पानावर वॅनचा आयपी बघा, आणि मग ‘माझा आयपी काय’ असं गूगलवर शोधून जो दिसतो तो बघा. दोन वेगळे असतील, किंवा रूटरमधला १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुमचा पत्ता सामायिक आहे. तुम्ही सांगलीत बसून लॉगिन करता आणि ईमेल येतो ‘मुंबईतून लॉगिन झालं’, त्यामागेही बऱ्याचदा कंपनीचा असा पत्ता असतो. तरी वेळ आणि मोबाईल-कॉम्प्युटर आपलाच आहे ना, एवढी खात्री प्रत्येक वेळी करा.

बाहेरचा पक्का पत्ता खरंच लागतो तो मोजक्या लोकांना. घरात सर्व्हर ठेवून बाहेरून थेट त्यात शिरणाऱ्यांना, आणि ज्यांची एखादी सेवा ‘आधी तुमचा आयपी नोंदवा, मगच जोडू’ म्हणते त्यांना. कॅमेरा मोबाईलवर बघायला तो सहसा लागत नाही, कंपनीच्या ॲपमध्ये क्यूआर कोडने जोडलं की काम होतं. उलट राउटरमध्ये पोर्ट उघडून डीव्हीआर थेट इंटरनेटवर ठेवणं म्हणजे दुकानाचं शटर रात्री अर्धं वर ठेवणं. सीएला डेटा हवा असेल तर बॅकअप पाठवा, नाहीतर बिलिंग कंपनीचीच क्लाउडची सोय बघा.

थोडक्यात, विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: “बाहेरून माझ्या घरातल्या कोणत्या मशीनपर्यंत कोणी यायचंय?” उत्तर ‘कोणी नाही’ असेल तर पैसे खिशात ठेवा.

“सर, आम्ही धंदा करायला बसलोय, इंजिनिअर व्हायला नाही”

मान्य. पण किराणा दुकानदाराला आपला वजनकाटा बरोबर आहे की नाही हे कळतं. पिठाच्या गिरणीवाल्याला पट्टा कधी घसरतो ते कळतं. त्यासाठी त्यांनी डिग्री घेतलेली नसते. ज्या हत्यारावर पोट आहे त्याची ओळख असते, एवढंच. आज तुमचं हत्यार रूटर आहे. दुरुस्ती तुम्हीच करा असा माझा हट्ट नाही. पाच-सहा कॉम्प्युटर, दोन मजले, कामगार असा पसारा झाला तर जाणकार माणूस बोलवा आणि त्याला व्यवस्थित पैसे द्या. पण त्याने काय केलं ते कागदावर तुमच्याकडे राहिलं पाहिजे.

तो कागद असा असावा:

रूटर: १९२.१६८.१.१
लेबल प्रिंटर: १९२.१६८.१.५०
बिलिंग कॉम्प्युटर (वायरने): १९२.१६८.१.५१
डीव्हीआर: १९२.१६८.१.५२

प्रत्येकासमोर मॅक ॲड्रेस आणि तारीख. रूटर कधी बदलला, कोणी बदलला, नेटवाल्याचा फोन. रूटरचा पासवर्ड मात्र वेगळ्या जागी, वहीत. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उद्या तुम्ही लग्नाला गावी गेलात आणि मागे प्रिंटर अडला, तर घरातलं कोणीही फोनवर तुमच्याकडून ऐकून सुरू करू शकेल. आणि डबा बदलला गेला तरी आधी नव्या रूटरची मालिका जुन्यासारखी करून घ्यायची, मग हेच आकडे त्यात परत भरायचे. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

लाईट वारंवार जात असेल तर रूटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवा. पण नंबर राखून ठेवल्यानंतर. आधी फुकटचा उपाय, मग विकतचा.

या रविवारचा गृहपाठ एवढाच. डब्याखालचं स्टिकर वाचा, लॉगिन होतं का बघा. लॉगिन झालं तर प्रिंटर आणि बिलिंगचा कॉम्प्युटर, फक्त या दोघांचे नंबर राखून ठेवा. नाही झालं तर सोमवारी सकाळी पहिला फोन नेटवाल्याला.

भेटू पुढच्या भागात. धंदा करा, हिशोबाने करा!